दगडापासून काळ्या रेघेपर्यंत

"लावा!" सुलभा म्हणाली.

चुना लावलेला दगड गाडीच्या डाव्या अंगाने मागे गेला. नरसिंहरावांचा पाय ब्रेकवर तयार होता, पण त्यांनी तो दाबला नाही. मग डाव्या कानाशी, जिथून नेहमी यायचा तिथूनच, तो आवाज आला. "सरी."

त्यांनी ब्रेक दाबला. चाकं जाम होऊन डांबरावर किंचाळली आणि जळक्या रबराच्या वासात गाडी उभी राहिली.

सुलभा टेप घेऊन उतरली. मागे जीपमध्ये बदलायची चाकं घेऊन आलेला उपेंद्र सावलीतूनच ओरडला, "अण्णा, आज काय पुढच्या गावात, आनेकलात जाऊनच थांबवणार काय गाडी?"

"तू गप चाकं उतरव," नरसिंहराव म्हणाले. त्यांनी डावीकडे पाहिलं. सीट रिकामी होती. रेक्झिनवर सुलभाच्या साडीची सुरकुती अजून उमटलेली होती.

संस्थेकडे त्या वर्षी तीन कंपन्यांचे टायर तपासायला आले होते. उन्हाळ्यात लांब पल्ल्याला वेगाने धावणाऱ्या गाड्यांसाठी त्यांतला कुठला घ्यावा, एवढंच सांगायचं होतं. पकड किती, झीज किती, आणि मोजलेल्या पैशाला पुरतो का. चालवणाऱ्याला कंपनी कळू नये म्हणून टायरांवर रंगाचे ठिपके होते: लाल, पिवळा, पांढरा. झीज होसूरपर्यंतच्या फेऱ्यांनंतर खाचांची खोली मोजून कळे. पकड मात्र इथे, या दगडापाशी, एप्रिलच्या भर दुपारी डांबर तापल्यावरच पाहायची. दगडाला दर वर्षी चुना लावायचा तो नरसिंहरावांनीच.

दगडाकडे मात्र त्यांनी पाहायचं नाही, असा नियम होता. तो उमाकांतचा. उमाकांत साताऱ्याकडून नोकरीला आला आणि इतक्या वर्षांत कानडीचा एकच शब्द शिकला: सरी, म्हणजे ठीक. भाजीवाल्याला सरी, साहेबांना सरी, बायकोलाही सरी. "दगड बघणं माझं काम," तो म्हणायचा. "तुम्ही बघितलात की पाय आधीच जाणार आणि टायरला फुकटचे मार्क. मी सरी म्हणेपर्यंत समोर हत्ती दिसला तरी दाबायचं नाही."

"हत्ती दिसला तर?"

"तर मी लवकर म्हणेन की."

चारचौघांत नरसिंहराव त्याला साहेब म्हणत, गाडीत उमण्णा. घरी त्यांच्या पूर्वजांची शहाजीराजांच्या काळापासूनची मराठी, त्यात निम्मी कानडी. उमाकांत ती ऐकून हसायचा आणि डब्यातली पोळी निम्मी तोडून द्यायचा. गेल्या श्रावणात काविळीने तो गेला. नरसिंहराव तेरा दिवस त्याच्या घरी जाऊन बसले. रडू आलं नाही. पुढे देवळात बसले, त्याच्या घरावरून मुद्दाम सायकल नेली, पण काही नाही. मग एप्रिल आला, गाडी पुन्हा या रस्त्यावर आली, आणि पहिल्याच फेरीत दगड मागे पडताना उमाकांत बोलला. इथेच, फक्त इथे. गाडी उभी राहिली तरी नरसिंहरावांनी स्टीअरिंग सोडलं नाही. भीतीने नव्हे.

"नरसिंहराव," सुलभाने लांबून हाक मारली, "आता हेच टायर ठेवा. पण वेग वीस मैल."

"निम्माच? तसं कधी करत नाही आपण."

"एकदाच."

पुण्याहून पदार्थविज्ञान शिकून उमाकांतच्या जागी आलेली ही मुलगी कमी बोलायची. तिने का सांगितलं ते त्यांना कळलं नाही. त्यांनी वीस मैलांनी गाडी आणली. ती म्हणाली, "लावा." ते थांबले. "सरी." मग दाबला.

उपेंद्र पाणी आणायला शेतातल्या विहिरीकडे गेला होता. सुलभाने नरसिंहरावांना खाली बोलावलं. रस्त्यावर चाकांच्या काळ्या रेघा होत्या. रेघ जिथे सुरू होत होती तिथे तिने एकेक खडा ठेवला होता.

"टायर धरत नसता तर काळी रेघ लांबली असती," ती म्हणाली. "रेघा ठीक आहेत. जास्त आहे ते हे." तिने दगड आणि रेघ यांच्यामधल्या कोऱ्या रस्त्याकडे बोट दाखवलं. "चाळीसला जेवढी कोरी जागा, वीसला तिच्या निम्मी. म्हणजे वेळ तोच. लाल लावा, पिवळा लावा, पांढरा लावा, तेवढाच वेळ. थोडा प्रत्येकालाच लागतो, कानातून पायात उतरायला. हा त्याच्या दुपटीहून जास्त आहे."

नरसिंहराव कोऱ्या डांबराकडे बघत राहिले. इतक्या फेऱ्यांत उमाकांत जिथे बोलत होता ती जागा अशी मोजता येते, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"डोळे ठीक आहेत माझे, अक्का."

"डोळ्यांचं म्हणत नाही मी."

"तुम्ही लावा म्हणता ते ऐकू येतं. पण ते..." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "ते शेवटचं वाटत नाही. स्वल्प थांबतो मी."

"शेवटचं कोण म्हणतं?"

त्यांनी गाडीच्या डाव्या दाराकडे पाहिलं. "उमण्णा."

ती हसली नाही. टेप गुंडाळत राहिली. सगळी गुंडाळून झाल्यावर म्हणाली, "कसा येतो आवाज?"

"होता तसाच. स्वल्प कंटाळलेला. भूक लागल्यासारखा."

"घरी येत नाही?"

"नाही. गाडी सोडली की संपलं."

सुलभाने कपाळावरचा घाम पदराने टिपला. "तुलना बिघडत नाही," ती सावकाश म्हणाली. "तिन्ही टायरांना सारखाच वेळ जातोय. लाल सगळ्यांत घट्ट धरतो आणि सगळ्यांत आधी झिजतो. पिवळा टिकतो, पण उन्हात घसरतो. पांढरा पैशाला पुरतो. हे तसंच राहतं. मी वर पद्माकर साहेबांना काही बोलले नाही, तरी टायरांबद्दल खोटं काही जाणार नाही."

नरसिंहरावांनी तिच्याकडे पाहिलं. ती दुसरीकडे बघत होती. उन्हाळा संपायला अजून बऱ्याच फेऱ्या होत्या. पुढच्या वर्षी पुन्हा एप्रिल.

शेतातून एक बाई रस्त्यावर चढली. डोक्यावरचा गवताचा भारा डोळ्यांपर्यंत खाली आलेला, मागे दोरीला शेळी. दगड ओलांडून ती नेमकी त्या कोऱ्या जागेत आली. शेळी अडली. बाई थांबली, एका हाताने भारा सावरला, दुसऱ्याने दोरी ओढली. शेळी हलेना. बाई तिला शिव्या देत तिथेच उभी होती. तिला रस्त्याच्या कुठल्याच बाजूचं काही दिसत नव्हतं.

बाई पलीकडच्या बांधावर उतरली तेव्हा नरसिंहरावांनी श्वास सोडला. त्यांनी गाडीत हात घालून किल्ली काढली आणि सुलभाच्या हातात दिली.

"उपेंद्रचा पाय हलका आहे," ते म्हणाले. "शिकेल."

"आणि तुम्ही? साहेब गोदामात पाठवतील."

"दगड कुणी बघायचा मग? तुम्ही खाली उभं राहून रेघा बघा. डावीकडे मी बसतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते डावीकडे बसले. ही सीट खोलगट होती. तिच्यात उमाकांतचं वजन वर्षानुवर्षं बसलं होतं. गुडघे दाराला लागत होते.

"अण्णा, घाबरलात काय?" उपेंद्रने विचारलं. "मी काय बैलगाडी चालवत नाही."

"समोर बघ. दगडाकडे नाही."

काटा चाळिसावर गेला. दगड आधी लहान, मग मोठा, मग अगदी जवळ. इतक्या वर्षांत तो असा येताना त्यांनी एकदाही पाहिला नव्हता. उमण्णा हेच बघायचा तर. त्यांनी कान दिला. मग स्वतःच तोंड उघडलं.

"सरी."

उपेंद्रने ब्रेक दाबला. गाडी किंचाळून थांबली. मग सगळं शांत झालं. नरसिंहराव मान उजवीकडे कलवून ऐकत राहिले, मग डावीकडे. एंजिनाची टिकटिक, लांब एक टिटवी.

"बरोबर झालं ना?" उपेंद्रने विचारलं.

"झालं."

ते उतरले आणि चालत मागे दगडापाशी आले. काल जिथे डांबर कोरं होतं तिथे आता उपेंद्रची काळी रेघ होती. मध्ये उरलेला रस्ता फक्त कानातून पायात उतरण्यापुरता. टेपचं टोक दगडावर धरून ते गुडघ्यावर बसले. चुना बोटांना लागला. पलीकडे सुलभाने टेप ताणली.

"धरलंत?" तिने विचारलं. मग पुन्हा, या वेळी हळू, "सरी?"

नरसिंहरावांनी अंगठा दगडावर दाबला. डावा कान देऊन ते नेहमीपेक्षा थोडं जास्त थांबले.

तिने टेप ताणलेली ठेवली, आणि तीही थांबली.