कशालाही हात लावायचा नाही

आम्ही खोली सोडायला सांगितली म्हणून भाडेकरू चिडला आणि जाता जाता त्याने सगळा राग दारांवर काढला. आतलं दार लाथा घालून बिजागऱ्यांसकट उखडलं. बाहेरच्या दारावर खिळ्याने मला शिवी कोरली, तीही वीतभर लांब.

वकील भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामी, फोटो काढ आणि पोलिसांत जा. पंचनामा होईपर्यंत काडीही हलवू नका."

मी इतकी तापले होते की फोटो न काढताच निघाले. आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं सुतारकाम केलंय, म्हणून त्यांना मात्र तीनदा बजावलं, "कशालाही हात लावायचा नाही. गप बसून राहा."

"राहतो की," हे म्हणाले.

तीन तासांनी हवालदाराला घेऊन आले, तर दोन्ही दारं जागच्या जागी. शिवीवर रंधा फिरवलेला, लाकूड नव्यासारखं. हे बिजागरीला तेल घालत होते.

"अहो, हे काय करून बसलात!"

"मोडकं दार डोळ्यांसमोर! बघवेना गं."

हवालदाराने दार दोनदा उघडून लावलं. जरा म्हणून कुरकुरलं नाही.

"बाई, ह्यात नुकसान काय लिहू?"

त्याने वही मिटली आणि ह्यांच्याकडे वळून हळूच विचारलं, "काका, आमच्या बाथरूमचं दार फुगलंय. बघाल का जरा?"

माझ्याकडे न बघताच ह्यांनी रंधा पिशवीत टाकला.