एका नाण्याचा गोलकीपर

ऑफिसात त्याला सगळे 'तराजू' म्हणत. फुटबॉल क्लब चालवायच्या एका ऑनलाइन खेळात खेळाडूंची खरेदी-विक्री होई, आणि त्या बाजाराचे भाव ताळ्यावर ठेवणं हे त्याचं काम. खेळाडू खोटे, नाणी खोटी. लोक मात्र त्यापायी खऱ्या शिव्या घालत, आणि त्या वाचायचा पगार तराजूला मिळे.

यंदा बाजाराचं पार वाटोळं झालं होतं. लबाड मंडळी दोन-दोन खाती उघडत आणि चांगला खेळाडू एका नाण्याला इकडून तिकडे सरकवत. सरळमार्गी माणसाला साधा बचावपटू घ्यायचा तरी नाकी नऊ येत. तराजूने उपाय काढला. यापुढे त्याच दोन खात्यांत तोच खेळाडू कवडीमोलाने फिरताना दिसला, की दोन्ही क्लब कायमचे बंद. साहेब खूश झाले. तराजू मात्र खूश नव्हता, कारण अशी एक जोडी त्याच्या घरातच होती.

बाबा आणि दादा. दादाच्या लग्नाला बाबांनी साफ नाही म्हटलं, तेव्हा दादा घर सोडून गेला तो गेलाच. ना फोन, ना पत्ता. मग एके दिवशी बाबांच्या क्लबात एक टकला, म्हातारा गोलकीपर एका नाण्याला येऊन पडला. पाठवणाऱ्या क्लबाला दादाचं शाळेतलं टोपणनाव होतं. बाबांनी टकल्याला तसाच परत धाडला. तेव्हापासून तो येई-जाई. खेळात निरोप लिहायची सोय नव्हती, त्यामुळे बापलेकांचं बोलणं काय ते एवढंच. टकल्या आला की बाबा दोन घास जास्त जेवत.

त्या दोन क्लबांना गुपचूप सूट देणं तराजूला अवघड नव्हतं. पण उघडकीला आलं असतं तर नोकरी गेली असती, आणि त्याची छाती झाली नाही. लबाडांवरचा नियम आधी बाहेर फोडायचा नाही, हा ऑफिसचा शिरस्ता. तो त्याने घरापुरता मोडला.

"बाबा, टकल्या सध्या आपल्याकडेच राहू द्या. कुणी मागितला तरी सोडू नका. नाहीतर दोघांचेही क्लब जातील."

"अरे, पण दादाला हे कळणार कसं?"

"हंगामापुरतंच आहे. मग मी नियम सैल करतो. तेवढं थांबेल की तो."

बाबांनी मान डोलावली. या बाबतीत धाकट्याचा शब्द त्यांना शेवटचा वाटे.

नियम लागू झाला आणि भाव उतरू लागले. ऑफिसात पाठ थोपटून घेऊन तराजू घरी आला, तर बाबा कॉम्प्युटरसमोर बसलेले. खोलीत दिवासुद्धा लावला नव्हता.

"दादाने टकल्याला मागितलं रे. आधी एक नाणं लावलं. मग शंभर. मी नाहीच म्हणत गेलो. शेवटी क्लबात होतं नव्हतं ते सगळं लावलं त्याने. मी तरी 'नाही' दाबलं. तू सांगितलं होतंस ना?"

नियम कवडीमोलाच्या सौद्यांसाठी होता. एवढ्या बोलीला तो शिवलाही नसता. हे सांगायचं तराजूला सुचलंच नव्हतं; निवृत्तीला आलेल्या गोलकीपरसाठी कुणी सगळी तिजोरी रिकामी करेल, हे त्याच्या कुठल्याच गणितात बसत नव्हतं.

त्याने दादाचा क्लब शोधला. मालकाने स्वतःच्या हाताने तो बरखास्त केला होता.

"परत आण की. बाजार तुझाच ना?"

"मालकाने मोडलेला क्लब परत येत नाही, बाबा."

"मग निरोप तरी दे. म्हणावं, म्हाताऱ्याच्या हातून चुकून दाबलं गेलं."

"कुठे देऊ?"

बाबांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले.

"माझ्या 'नाही'नेच गेला तो, तेव्हाही आणि आताही. पण हो म्हटलं असतं, तर दोघांचेही क्लब गेले असते. गेले असते ना रे?"

ते त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"हो, बाबा," तराजू म्हणाला.