टोस्टरसमोर रडवणारी कांडी

मी एक जुनी रडकांडी आहे. हसलात ना? हसा, हसा. मला पहिल्यांदा पाहून सगळेच हसतात आणि मग डोळे चोळत बसतात. मित्रांनो, सिनेमातली माणसं टिपं गाळतात ती दुःखाने, असं तुम्हाला वाटत असेल. कसलं दुःख आणि कसलं काय! मेण, कापूर आणि पुदिन्याचा अर्क यांची बोटभर लांबीची कांडी म्हणजे मी. डोळ्याखाली मला एकदा फिरवलं की माझी वाफ डोळ्यांत जाते आणि ठार कोरडा नटसुद्धा ढसाढसा रडू लागतो.

माझा जन्म एका कारखान्यात, लिपस्टिकच्या साच्यात झाला. शेजारच्या साच्यांमधल्या खऱ्याखुऱ्या लिपस्टिक मला बघून नाकं मुरडायच्या. त्या कधीच संपून कचऱ्यात गेल्या. मला एका मेकअपवाल्या मावशींनी विकत घेतलं आणि आपल्या एप्रनच्या वरच्या खिशात जागा दिली. मावशींचा हात हलका होता. चार वर्षं आम्ही दोघींनी मालिकांमधल्या सुना रडवल्या, जाहिरातींमधल्या आया रडवल्या. दिवस मजेत चालले होते.

पाचव्या वर्षी आम्ही एका हॉलिवूडपटावर कामाला लागलो. गोष्ट अशी होती. एक बाप मरतो आणि घरातला टोस्टर होऊन परत येतो. मग पावाच्या भाजलेल्या कापांवर अक्षरं उमटवून तो पोरांना शहाणपण शिकवतो. कागदावर हा विनोदी सिनेमा होता, देवाशपथ!

बापाचं काम करणाऱ्या नटाला सगळे काका म्हणायचे. टोस्टरच्या चकचकीत पत्र्यात त्यांचा चेहरा दिसायचा होता. काकांनी तीस वर्षं छोट्या रंगमंचांवर लोकांना हसवलं होतं. पुढे त्यांचे विनोद शिळे झाले आणि कार्यक्रम बंद पडले. पूर्वी तिसऱ्या रांगेतून पहिला हशा यायचा तो त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा. आता काकूसुद्धा नुसत्या "छान होतं हो" म्हणायच्या. ते काकांना फार झोंबायचं. आपण मरायच्या आत काकूंनी एकदा तरी पोट धरून हसावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. मेकअपच्या खुर्चीत बसून ते मावशींना हे रोज सांगायचे आणि मावशी रोज "हं" म्हणायच्या.

त्यासाठी काकांच्या हाती एकच सीन होता. जावई टोस्टर भंगारात द्यायला निघतो आणि टोस्टर त्याच्या नाकावर पावाचा काप नेम धरून मारतो. काकांनी तीन आठवडे तालीम केली. आधी डावी भुवई वर, मग थोडं थांबायचं, मग काप. मावशी एकदा इतक्या हसल्या की त्यांचंच काजळ गालांवर आलं.

पण दिग्दर्शक निराळाच गडी होता. प्रत्येक सीन झाला की तो एवढंच विचारायचा, "पाणी आलं का?" सेटवर त्याचं नावच प्लंबर पडलं. त्याच्या पायी मला उसंत म्हणून नव्हती. मुलगा रडला, मुलगी रडली, जावई रडला, पत्र टाकायला आलेला पोस्टमनही रडला. कुत्र्यालासुद्धा सोडलं नाही. ते बिचारं तीन दिवस पंजाने नाक घासत फिरत होतं. मला त्याची दया आली, असं मी खोटं सांगणार नाही. प्लंबर मला हातात घेऊन म्हणाला होता, "ही माझी खरी हिरॉईन!" आणि मी फुगले होते.

शेवटी बाप घटकाभर माणूस होऊन टोस्टरबाहेर येतो आणि टोस्टरला बिलगून घराचा निरोप घेतो. हा निरोपाचा सीन होता त्या सकाळी प्लंबर काकांच्या खुर्चीपाशी आला.

"काका, तो पावाचा सीन काढतोय. मध्येच हसवलं तर पाणी आटतं."

"अरे, एकच तर सीन आहे माझा."

"आहे ना, निरोपाचा! मस्त रडायचं."

कॅमेरा सुरू व्हायच्या आधी मावशी मला घेऊन पुढे झाल्या, तर काकांनी त्यांचं मनगट धरलं आणि मान हलवली. मग ते रडले, माझ्याशिवाय. नाक वाहिलं, हनुवटी लटलटली, उचक्या लागल्या. काय ते ध्यान! मला भयंकर राग आला. प्लंबर मात्र नाचला, "आलं! पाणी आलं!"

सिनेमा तयार झाल्यावर दोनशे अनोळखी लोकांना बोलावून तो दाखवला. मत लिहायला प्रत्येकाला एक कागद दिला. काका-काकू शेजारी बसले, मागे मावशी, आणि मावशींच्या पर्समध्ये मी. पहिला तासभर कोणी हसलं नाही. लोक खोकत होते, घड्याळं बघत होते. मग निरोप आला. वाहत्या नाकाचा एक दांडगा माणूस टोस्टरला बिलगून हमसाहमशी रडू लागला. एक बाई फिसकन हसली, आणि मग सगळं थिएटर फुटलं. लोक खुर्च्या बडवत होते. आणि काकू! तोंडात रुमाल कोंबून काकू गदगदा हलत होत्या.

"अहो, हे मला सांगितलं नाहीत कधी! टोस्टरपुढे काय गळा काढलाय, अगं बाई! मेले मी हसून!"

काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग ताठ बसून म्हणाले, "तीन आठवडे तालीम केली."

बाहेर येताना काकू त्यांच्या उचक्यांची नक्कल करत होत्या. काका त्यांना चुका सुधारून देत होते. मावशींनी दोनदा डोळे टिपले. त्यातही माझा हात नव्हता.

कागदांवर बहुतेकांनी लिहिलं होतं, 'टोस्टरसमोर रडतो तेवढंच बघण्यासारखं, हसून मेलो.' प्लंबर खवळला. "माझ्या निरोपाला हसतात म्हणजे काय!" तो सीन पुन्हा घ्यायचं ठरलं. काकांनी अक्षरशः हात जोडले.

"राहू दे रे तो. बायको हसली माझी."

"काका, तुम्हाला नीट रडता येत नाही," प्लंबर म्हणाला. "मावशी, कांडी लावा. आणि नाक पुसा त्यांचं."

मावशींनी काकांचं नाक पुसलं आणि मला डोळ्याखाली फिरवलं. मी जीव तोडून काम केलं. दोन गालांवर दोन स्वच्छ थेंब, अगदी सारखे. नाक कोरडं, हनुवटी जागच्या जागी. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुबक काम ते! मला कोण आनंद झाला होता, आता लपवून काय करू?

काकांनी घरी यातलं काही सांगितलं नाही. सिनेमा लागला त्या दिवशी काकूंनी अख्खी रांग भरून शेजारी आणले. मावशी मला पर्समध्ये घेऊन त्यांच्या मागेच बसल्या होत्या. "थांबा, येईल आता, पोट धरून बसा," असं त्या प्रत्येकाला सांगत होत्या. निरोप सुरू झाला. काकू आठवणीनेच आधी हसू लागल्या, मोठ्याने. पडद्यावर व्हायोलिन वाजत होतं आणि माझे दोन थेंब ओघळत होते. बाकी कोणीच हसलं नाही. पुढच्या रांगेतला एक माणूस वळला.

"बाई, माणूस रडतोय तिथे. लाज नाही वाटत?"

काकूंचं हसू तोंडातच राहिलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अहो, ते कुठे गेलं?"

"गप्प बस," काका म्हणाले. "इथे रडायचंय."

"बरं," म्हणून काकूंनी रुमाल काढला.

सिनेमा दुसऱ्या आठवड्यातच उतरला. गोड गोड आणि रडका, असं सगळ्यांनी लिहिलं. त्यात एकदा हशा पिकला होता, हे कोणालाच कळलं नाही. मावशींनी त्यानंतर मला कोणाच्या डोळ्याला लावलं नाही. टोपण न लावताच एका डब्यात टाकलं. आता वाळून माझा खडू झाला आहे.

मित्रांनो, रडणाऱ्याकडे सगळे धावतात. हसवायला निघालेल्या माणसाला मात्र कोणी जपत नाही. तुमच्या घरात असा कोणी असला तर त्याला जपा. कसं जपायचं ते मला विचारू नका. मला एकच काम येतं.