कॅम्प तीन-ब उर्फ रमण

"भाई, रमण किधर पडता है?"

"मैं ही रमण हूँ. बोलो."

"आप नहीं भाई. जगह. मुझे रमण जाना है."

रमण शिगवणने फोन कानापासून दूर धरला आणि डोळे मिटले. सकाळी भाजीवाला, मग जनरेटरचा मेकॅनिक, आता हा गॅस सिलिंडरवाला. "पेट्रोल पंप से अंदर मुडो, पहाड की तरफ सीधा आओ," त्याने पाठ झालेलं म्हणून दाखवलं. "और सुनो, इस जगह का नाम रमण नहीं है. कॅम्प तीन-ब है."

"अच्छा," पलीकडचा जरा विचार करून म्हणाला, "तो रमण उसके आगे है या पीछे?"

ओमानातल्या खाबुऱ्याच्या बाजारातून आत डोंगराकडे गेलं की नुसता खडीचा माळ लागतो. त्या माळावरून रेल्वे जाणार होती. पुढेमागे तिथे स्टेशन होईल असंही म्हणत. तूर्तास होत्या त्या पत्र्याच्या केबिना, एक भटारखाना, आणि जमिनीला भोकं पाडून आतली माती तपासणारी माणसं. रमण त्यांचा कॅम्प बॉस. नावात बॉस असला तरी पाणी, जेवण, गाद्या आणि भांडणं एवढंच त्याचं राज्य. गुहागरहून निघून आखातात त्याची अर्धी हयात गेली होती, पण आपल्या नावाचा असा छळ त्याने कुठे सोसला नव्हता.

सुरुवात केली जैनुद्दीनने. तो पाण्याचा टँकर आणायचा. कॅम्प लागला तेव्हा त्याला कोणी विचारलं, कुठे निघालास? तो म्हणाला, रमण के पास. दुसऱ्या ड्रायव्हरने 'के पास' गाळलं आणि झालं. महिन्याभरात सगळा खाबुरा रमणला जायला-यायला लागला. रमण में धूल बहुत है. रमण का रास्ता खराब है. रमण में खाना बेकार मिलता है.

"हे मला म्हणतात की जागेला, तेच कळत नाही," रमण टाइमकीपर मार्टिनला म्हणाला. मार्टिन वसईचा. कॅम्पात मराठी बोलायला रमणला तो एकटाच.

"जेवणाचं तुलाच म्हणतात," मार्टिन म्हणाला.

घरी फोनवर बोलावं तर बायकोचं, विद्याचं, वेगळंच. "अहो, मग बिघडलं कुठे? माणसं नाव लागावं म्हणून देवळाला फरश्या देतात."

शेवटी तो लिंडक्विस्ट साहेबाकडे गेला. खोदकामावर देखरेख करणारा हा अमेरिकन म्हातारा संध्याकाळी केबिनच्या सावलीत पाय पसरून काळा चहा पीत बसायचा. रमण मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "साहेब, मस्कतला लिहा. उद्या इथे स्टेशन होईल. आत्ताच एखादं बरं नाव ठरवून टाका, म्हणजे मी सुटेन."

साहेब हसला. "नाव ठरवून काय होतं? माझ्याच गावाचं सांगतो. तेही असंच माळावर. आधी रूळ आले, मग गाव. इंजिनांना पाणी लागायचं म्हणून रेल्वेने ठरावीक अंतरावर टाक्या बांधल्या आणि दर टाकीला एक नाव दिलं. आमचं गाव हेस्टर. रेल्वे म्हणते, हेस्टर आमच्या बड्या अधिकाऱ्याची मुलगी. तिने ते गाव जन्मात पाहिलं नाही. माझी आजी म्हणायची, सगळं खोटं. हेस्टर म्हणजे रूळ टाकणाऱ्यांना रांधून घालणारी बाई. कामगार म्हणायचे, चला हेस्टरकडे. ती तिथेच गेली, तिला टाकीमागेच पुरलं."

"मग खरं कुठलं?"

"चौकातल्या दगडावर अधिकाऱ्याची मुलगी आहे. आजी मरेपर्यंत त्या दगडाकडे पाठ करून चालायची."

रमणला त्या बाईविषयी वाईट वाटलं, पण राग काही उतरला नाही. "तिला निदान फोन तरी येत नव्हते," तो परतताना मार्टिनला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच एका फळीवर 'कॅम्प तीन-ब' असं इंग्रजीत रंगवलं आणि वळणावर ठोकलं. अरबी अक्षरं एका दुकानदाराकडून काढून आणली. जैनुद्दीनने टँकर थांबवून पाटी नीट पाहिली. "बढिया है रमणभाई. लेकिन इसपे रमण क्यों नहीं लिखा?"

जूनच्या एका दुपारी गुलजार नावाचा खोदकामावरचा माणूस मशीनपाशीच कोसळला. अंग तव्यासारखं तापलेलं, घाम बंद, बडबड असंबद्ध. रमणने त्याला केबिनमध्ये आणून ओल्या चादरीत गुंडाळलं, काखेत बर्फ ठेवला. मार्टिनने अँब्युलन्सला फोन करून कॅम्प तीन-ब असं दोनदा स्पष्ट सांगितलं. अँब्युलन्स येईना. बर्फ संपला, तशी रमणने भटारखान्यातल्या गोठलेल्या मटाराच्या पिशव्या आणल्या. गुलजार आता बडबडतही नव्हता. रमण त्याचे गाल थोपटत म्हणत राहिला, "ए गुलजार, आँख खोल. सोना नहीं."

गाडी आली तेव्हा आतला ओमानी तरुण आधी गुलजारकडे धावला. सुई टोचून, बाटली लावून झाल्यावर तो रमणवर उखडला. त्याचं हिंदी बाजारातलं होतं, पण पक्कं. "एक तीन-ब वादी के, सूखी नदी के, उस तरफ भी है, दूसरी कंपनी का. हम उधर घूम के आया. पंप पे पूछा तो वो बोला, इधर का कॅम्प तो रमण है. तुम लोग पहले रमण क्यों नहीं बोला?"

रमणने गुलजारच्या स्ट्रेचरला हात लावला.

गुलजार वाचला. आठवड्याने हिंडाफिरायला लागला आणि मटाराचा वास येतो म्हणून कुरकुरलाही. त्याआधीच, अँब्युलन्स गेली त्याच संध्याकाळी, रमणने वळणावर जाऊन पाटी उपटली होती. ती त्याने पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून टाकली.

फोन येतच राहिले. रमण पूर्वीइतकाच वैतागायचा, फक्त तीन-बचं सांगायचा थांबला.

दोन हजार सोळात मस्कतहून निरोप आला की रेल्वेचं काम थांबवलंय. पुढे कधी, ते कोणालाच माहीत नव्हतं. लिंडक्विस्ट साहेब निघताना माळाकडे पाहून म्हणाला, "हेस्टरला निदान गाडी तरी आली होती." मार्टिन मस्कतच्या एका हॉटेलात लागला. केबिना एकेक करून ट्रकवर चढल्या. रमणला मस्कतजवळच्या अल अमेरातमधल्या एका कॅम्पवर जायचं होतं, पण शेवटचा ट्रक जाईपर्यंत थांबणं त्याच्याकडे होतं.

ट्रक गेला आणि माळ एकदम मोठा झाला. कॅम्पची पाण्याची टाकी तेवढी उरली होती, ती कोणी न्यायची यावरून कंपन्यांचा वाद चालू होता. तेवढ्यात डोंगराकडून एक जुनी पिकअप आली. मागे शेळ्या, पुढे एक म्हातारा ओमानी. तो खाली उतरला, केबिनांच्या उघड्या पडलेल्या चौथऱ्यांकडे पाहत राहिला, आणि रमणला त्याने हाताने सगळीकडे दाखवत विचारलं, "रमण खलास?"

रमणच्या तोंडाशी आलं होतं, मीच रमण. पण म्हातारा त्याच्याकडे पाहतच नव्हता.

"खलास," रमण म्हणाला.

म्हाताऱ्याने जीभ टाळ्याला लावून च्च केलं, कोणी तरी गेल्याची बातमी ऐकावी तसं. मग त्याने मागचं फळकूट पाडलं. शेळ्या उड्या मारत उतरल्या आणि टाकीखालच्या ओलसर खडीला हुंगू लागल्या. रमणने एक मोठं घमेलं शोधून आणलं, टाकीचा नळ पूर्ण सोडला आणि घमेलं कलंडू नये म्हणून ते दोन्ही हातांनी धरून उकिडवा बसला.