सात वाजून दहा मिनिटांनंतरची बातमी

मंगळवारी संध्याकाळी साडेसात वाजता पळसटोल्याच्या बोरिंगवर पाच बायकांनी मिळून गोदावरीबाईचा पाण्याने भरलेला पितळी गुंड उपडा केला. मारहाण झाली नाही. शिवीही कोणी दिली नाही. त्यांतली आनंदाबाई एवढेच म्हणाली, "काकी, उद्यापासून इथं येऊ नोको. रेडिओनंच सांगतलं."

पळसटोला लाखनीपासून अकरा किलोमीटरवर आहे. हातपंपाला इथे बोरिंग म्हणतात आणि प्यायचे पाणी तेवढेच. गोदावरीबाई बासष्ट वर्षांची, विधवा, मूलबाळ नाही. त्याच पाच जणींबरोबर तिने दिवसभर चिखलात वाकून धानाचा रोवणा केला होता. रिकामा गुंड कमरेवर घेऊन ती पुतण्याच्या दारात आली. तुलाराम, ग्रामपंचायतीचा शिपाई, जेवायला बसला होता.

"का गा तुलाराम, तुह्याच भोंग्यावरून मले चेटकीण ठरवली म्हणते?"

तुलारामने ताट सरकवले. काय झाले असेल ते त्याच्या ध्यानात आले होते.

पळसटोल्यात गेली पंचवीस वर्षे संध्याकाळी सातला पंचायतीच्या भोंग्यावर सरकारी रेडिओच्या बातम्या लावतात. रेडिओपुढे माइक ठेवायचा, दहा मिनिटांनी बंद करायचा, हे तुलारामचे काम. सातनंतर भोंग्यातून जे येईल ते रेडिओ, अशी गावाची पक्की समजूत. त्या दिवशी बातम्यांत साथीच्या तापाचा इशारा होता, पाणी उकळून प्या असे सांगितले होते. बातम्या संपल्या आणि तुलाराम माइक चालूच ठेवून पानठेल्यावर खर्रा घ्यायला गेला. तेवढ्यात भूषण आत शिरला.

भूषण 'झाडीचा दणका' नावाचे मोबाइलवरचे चॅनल चालवतो. पत्रकार हा शब्द त्याने मोटारसायकलवर रंगवून घेतला आहे. बातमी कशी तपासतात हे शिकायचे तेवढे राहून गेले. त्याने आपला व्हिडिओ माइकपुढे धरला. निवेदकाचा शांत सूर त्याला छान जमतो. "आता परिसरातील बातमी," अशी सुरुवात करून त्याने सांगितले की गावातली एक एकटी बाई बोरिंगवर मंत्र टाकते, म्हणून तीन लेकरे तापली आहेत. नाव घेतले नाही. नाव गावाने पुरवले. एकट्या बाया चौघी होत्या. तिघींना कर्ते मुलगे होते.

बुधवारी सकाळी तुलारामने त्याला पानठेल्यावर गाठले.

"काहून केला बे असा?"

"मी कोनाचं नाव घेतलो का? दाखव."

"रेडिओच्या मागं कायले लपला? आपल्या नावानं बोलाचं होतं."

"बोलाचा हक आहे मले. संविधान वाचलास का कधी? शिपायाले काय समजते अभिव्यक्ती."

ठेल्यावरचे चौघे हसले. संविधानाचे एक पानही त्या चौघांनी वाचले नव्हते, भूषणने तर नव्हतेच.

गुरुवारी दोन एस्ट्या बदलून तुलाराम रेडिओच्या कार्यालयात पोहोचला. कार्यक्रम अधिकारी कामिनी मॅडमनी त्याला बसवले, पाणी दिले, सगळे ऐकून घेतले.

"हे आम्ही बोललोच नाही, तुलारामजी."

"तेच सांगा ना बाई, रेडिओवरून. सातच्या बातम्यांत. पळसटोल्याचं नाव घेऊन."

"अफवेचा खुलासा केला की अफवा आणखी पसरते, असा वरचा नियम आहे. आणि उद्या आम्ही अमक्याचं खोटं म्हटलं, तर सरकारी रेडिओ लोकांची तोंडं बंद करतो म्हणून ओरड होईल."

"अन् माह्या काकीचं पानी बंद झालं, त्याचं?"

त्यांनी कागद पुढे ओढला. मग वरिष्ठांकडे टिपण पाठवते म्हणाल्या, आणि खरोखरच पाठवले. शनिवारी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी खुलासा प्रसारित झाला: रेडिओ केंद्राच्या नावाने पसरवल्या जाणाऱ्या अपुष्ट मजकुरावर श्रोत्यांनी विश्वास ठेवू नये. गाव नाही, बाई नाही, ताप नाही. त्या वेळी पळसटोला धानाच्या बांधीत गुडघाभर पाण्यात उभा होता आणि भोंगा बंद होता. केंद्राच्या नोंदवहीत मात्र खुलासा झाल्याची खूण झाली.

रविवारी पंचायतीपुढे बैठक भरली. गोदावरीबाईने पोळ्याच्या आत गाव सोडून चिखल्याला भाच्याकडे जावे, असे ठरले. सरपंच कृष्णराव दुःखी चेहऱ्याने म्हणाले, "माहं काही नाही. लोकभावना आहे."

त्यांच्या कपाटात पाणी तपासणीचा अहवाल पडून होता. बोरिंग नालीला खेटून खोदले आहे. नालीचे पाणी त्यात झिरपते. पाणी पिण्यास अयोग्य. ती जागा कृष्णरावांनीच हट्टाने ठरवली होती. अहवालाचे पाकीट लाखनीहून तुलारामनेच आणून, उघडून वाचून दाखवले होते. नोकरीच्या भीतीने तोही अठरा दिवस गप्प होता.

"जाऊन राहिली मी," गोदावरीबाई त्याला म्हणाली. "तुही नोकरी नोको घालवू."

"काकी, तू चूप बस. लई दिवस मीच चूप होतो."

सोमवारी सात वाजून दहा मिनिटांनी बातम्या संपल्या. तुलारामने रेडिओ बंद केला, माइक जवळ ओढला.

"रेडिओ बंद झाला. आता बोलते तो तुलाराम, पंचायतीचा शिपाई. मंगळवारी याच माइकवर भूषण बोलला होता, रेडिओ नाही. माइक चालू ठेवून मी गेलो, हे माही चूक. आता कागद वाचतो. ज्याले खोटं वाटंल त्यानं येऊन पाहावं."

त्याने कपाटातून काढून आणलेला अहवाल वाचला. तारीख वाचली, सही कोणाची ते वाचले, आणि पुन्हा एकदा सगळे वाचले. कृष्णराव धावत आले तेव्हा दुसरे वाचन संपत आले होते.

मंगळवारी तुलारामला परवानगीविना माइक वापरल्याची नोटीस मिळाली. भूषणला नोटीस नाही. तो पंचायतीचा नोकर नाही. त्याच संध्याकाळी 'झाडीचा दणका'वर नवा व्हिडिओ आला: शिपायाने पत्रकाराचा आवाज दाबला. बुधवारी तुलारामने पोलिसांत अर्ज दिला. अर्ज घेतला आहे. गुन्हा नोंदलेला नाही. त्याच दुपारी चौथे लेकरू, आनंदाबाईची नात, तापाने भंडाऱ्याच्या दवाखान्यात दाखल झाली.

गुरुवारी सकाळी सहा वाजता बोरिंगवर रोजच्यासारखी रांग होती. अहवाल सगळ्यांनी ऐकला होता, दोनदा. तेच पाणी सगळ्यांनी भरले. गोदावरीबाई गुंड घेऊन आली, तेव्हा तिला रांगेत उभे राहू दिले नाही.

पोळ्याला नऊ दिवस आहेत.