बघू म्हणजे नाही

खाजगी सर्व्हे म्हणजे काय ते आधी सांगते, कारण मार्चपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. पेपरात छापून येतो तो नव्हे, तो लोकांना दाखवायचा असतो. खाजगी सर्व्हे आमदाराने एकट्याने वाचायचा असतो, आपली अब्रू कुठे किती उरलीय ते कळावं म्हणून. आमच्या मतदारसंघाचे आमदार महिपतराव, सगळे त्यांना साहेब म्हणतात, यांची निवडणूक दिवाळीनंतर होती. पुन्हा उभं राहायच्या आधी त्यांनी तीन फेऱ्यांचा असा सर्व्हे एका पुण्याच्या कंपनीला सांगितला होता.

मी आम्रपाली गमरे. एका कॉलेजच्या लायब्ररीत सहा वर्षं तात्पुरती क्लार्क होते, ते तात्पुरतं एकदाचं संपलं. कंपनीने रत्नागिरीत मारुती मंदिराच्या मागे दोन खोल्या घेतल्या होत्या, तिथे मला 'स्थानिक समन्वयक' म्हणून घेतलं. म्हणजे गावं माहीत असलेली, घरोघर जाणाऱ्या बारा मुलींना वाटेला लावणारी आणि एखादीला कुत्रा चावला तर दवाखान्यात नेणारी बाई.

खोटं कशाला बोलू, मला ते काम आवडलं. पुण्याहून आलेला नितेश आमचा मुख्य होता, आणि पोरगा कामाला पक्का होता. कुठल्या गावातल्या कुठल्या वाडीतली किती घरं घ्यायची, आधी बाईला विचारायचं की पुरुषाला, प्रश्न कुठल्या क्रमाने, सगळं त्याने भिंतीवर मोठ्या कागदावर मांडलं होतं. फॉर्मवर नाव नाही, फक्त गाव आणि वाडी. दारात उभं राहिल्यावर पहिलं वाक्य कुठलं, ते मी मुलींकडून घोटून घेतलं होतं: तुमचं नाव कुठेही येणार नाही. मी स्वतः शंभरेक दारांत ते म्हटलं, आणि मनापासून म्हटलं.

चौथा प्रश्न खरा. साहेबांना पुन्हा मत द्याल का? त्याला तीन रकाने: हो, नाही, अजून ठरलेलं नाही. खाली एक मोकळी ओळ, त्यावर माणूस जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहायचं.

पहिल्या फेरीचा निकाल आला. शंभरात चाळीस हो, सहा नाही, आणि चोपन्न अजून ठरलेलं नाही. नितेश खुर्चीतून उठून नाचायचाच बाकी होता. विरोध नाहीच, फक्त काठावरच्यांना आपल्याकडे ओढायचंय, असं तो साहेबांच्या पीएला फोनवर सांगत होता.

मी हसले. तिथेच माझं चुकलं. गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? पण नाही, अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. मी त्याला म्हटलं, अरे बाबा, हे चोपन्न काठावरचे नाहीत, हे तुला 'बघू' म्हणालेत. मिरकरवाड्यावर सुरमईचा भाव ऐकून बाई 'बघू' म्हणत पुढे गेली, तर ती मागे वळत नाही. मुलीकडच्यांनी 'बघू, कळवतो' म्हटलं की मुलाची आई त्याच दिवशी दुसरं स्थळ शोधायला लागते. आमच्याकडे दारात आलेल्याला तोंडावर 'नाही' म्हणायची पद्धत नाही. 'बघू' म्हणजे नाही.

नितेशचा चेहरा उतरला, आणि मला, काय सांगू, बरं वाटलं. चार दिवस बसून मी सगळ्या फॉर्मांच्या खालच्या ओळी वाचल्या. 'बगू', 'अजून लय येळ हाय', 'वाडी ठरवील तसं', 'देव बुद्धी देईल तसं'. एकेक उचलला आणि 'नाही'च्या रकान्यात टाकला. नवा निकाल झाला: हो चाळीस, नाही एकोणपन्नास, ठरलेलं नाही अकरा.

साहेबांनी आम्हाला बंगल्यावर बोलावलं. कागद बराच वेळ बघितला, आणि हे कुणी ओळखलं म्हणून विचारलं. नितेशने माझ्याकडे बोट केलं. साहेब म्हणाले, पुण्यामुंबईच्या लोकांना कळलं नाही ते आपल्या मातीतल्या मुलीला कळलं. पीए विनोद त्या दिवसापासून मला 'आम्रपाली मॅडम' म्हणायला लागला. मी फुगले. रिक्षाने घरी येताना मी मनातल्या मनात ते वाक्य तीनदा म्हटलं. आता आठवलं की तोंड कडू होतं.

तळेकोंडची बौद्धवाडी माझी. एकोणीस घरं. तिथे मी दुसऱ्या मुलीला पाठवलं नव्हतं, स्वतः गेले होते. आई मुंबईला कामाला होती, म्हणून मला चंपाकाकीने वाढवलं, माझ्या केसांना तेल तिचंच आणि पाठीत धपाटेही तिचेच. आता तिचा उजवा गुडघा गेलाय. वाडीची विहीर खाली पऱ्याजवळ, ओढ्याच्या काठाला आहे, आणि एप्रिल-मे महिन्यात ती दिवसाला चार खेपा करून हंडे वर आणते. सहदेवकाकांना दम्यामुळे चढण झेपत नाही. यंदा नळपाणी योजना आमच्यापर्यंत येणार होती. वरच्या वाडीपर्यंत चर खणून झाला होता, आणि आमच्या वाडीच्या तोंडाशी निळे पाइप रचून ठेवले होते. काकीने मला ते हात लावून दाखवले होते.

चौथा प्रश्न विचारला तेव्हा ती म्हणाली होती, "बगू गो आमू. पानी येतंय काय ते बगू, मग ठरवू." एकोणीसच्या एकोणीस घरांत हेच. वाडीची बैठक झाली असणार, शब्दसुद्धा फिरला नव्हता. मी जसंच्या तसं लिहिलं होतं. आणि ते चार दिवस गठ्ठे उपसताना आमच्या वाडीचे फॉर्म हातात आले, तेव्हा पहिला शब्द वाचला आणि 'नाही'त टाकले. आपल्या माणसांना वेगळा नियम लावायचा नाही, असा माझा ताठा. पुढचं वाक्य वाचलंच नाही. काकी 'बघू' म्हणाली ती खरंच बघणार होती, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

मग विनोदने वाडीवार यादी मागितली. मी दिली. नावं नव्हतीच तिच्यात, म्हणून मला काही वावगं वाटलं नाही. बिनडोक बाई मी! आमच्याकडे वाडीचं नाव सांगितलं की जात कळते, आणि एकोणीस घरांनी एकच उत्तर दिल्यावर माणूस शोधायचं बाकी काय राहतं? विनोदने तीन रंग केले. हो म्हणजे हिरवा, काठावरचे पिवळे, नाही म्हणजे लाल. मला वाटलं, लाल वाड्यांत आता कामं काढतील, नाराजी दूर करतील. मी तसं बोललेसुद्धा. तो नुसता हसला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सहदेवकाकांचा फोन आला. ठेकेदाराची माणसं ट्रक घेऊन आली आणि पाइप भरून घेऊन गेली. वरून ऑर्डर आहे म्हणाले. चर तसाच उघडा टाकलाय, त्यात धाकूच्या घरची शेळी पडली. काका विचारत होते, तुझी बंगल्यावर ओळख आहे ना, काय झालं ते जरा विचार.

मी तशीच बंगल्यावर गेले. विनोद बाहेरच्या खोलीत भजी खात बसला होता. टेबलावर माझीच यादी होती, तेलाच्या डागांसकट. पाइप खाडीपलीकडच्या एका पिवळ्या वाडीत गेले होते. विनोदने मला ते अगदी शांतपणे समजावलं, जसं काही मी नव्याने कामाला लागलेय. जे आपले आहेत ते कुठे जात नाहीत, त्यांना थांबवता येतं. जे आपले नाहीत त्यांच्यावर काम वाया घालवायचं नाही. द्यायचं ते काठावरच्यांना, सगळीकडे असंच करतात.

म्हणजे नितेशचा तो खुळा रकाना मी तसाच राहू दिला असता, तर माझी वाडी पिवळी राहिली असती. पाणी आलं असतं. ते मी घालवलं. कुणी सांगितलं नव्हतं, जबरदस्ती नव्हती, मी शहाणपणा दाखवायला घालवलं.

मी विनोदला सांगितलं की माझी चूक झालीय, तळेकोंडची ती वाडी लाल नाही, पिवळी आहे, मूळ फॉर्म आणून दाखवते. त्याने भजीचं बोट कागदाला पुसलं.

"वाडी तुमचीच ना, मॅडम?" तो म्हणाला. "तुमच्या लोकांसाठी आकडे फिरवायचे, तर मग सर्व्हे कशाला करायचा?"

तुमच्या लोकांसाठी. शी! त्या दोन शब्दांत काय काय होतं ते मला शाळेपासून ऐकून पाठ आहे. त्या दिवशी मातीतली मुलगी होते, आज माझे लोक वेगळे झाले. मला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. थुंकले नाही. उलट, आता सांगते आणि लाज सोडून सांगते, मी हात जोडले. मग तो जरा नरमला आणि म्हणाला, महिनाअखेरीला दुसरी फेरी आहे. त्यात तुमच्या वाडीचा रंग सुधारला तर साहेबांच्या कानावर घालीन. नितेशही म्हणाला की एवढंच करता येईल.

पाऊस लागायच्या आधी मी दुसऱ्या फेरीचे फॉर्म घेऊन तळेकोंडला गेले. वाडीला आधीच कळलं होतं. खाडीपलीकडे पाइप उतरवणाऱ्यांनीच सांगितलं होतं म्हणे, सर्व्हेत जे 'नाही' म्हणाले त्यांचं पाणी तोडलंय. काका ओट्यावर बसले होते, त्यांनी मान वळवली. काकी नुकती खालून आली होती, हंडा अजून डोक्यावर होता. ती हंडा आत ठेवून आली.

"आमू, आमी कुटं 'नाय' म्हनालो?" तिने विचारलं. "आनि नाव नाय येनार म्हनालीस, मग त्यांना कलला कसा?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, 'बघू'चा अर्थ कुणी लावला तेही. वाटलं होतं शिव्या देईल, धपाटा घालील, निदान रडेल. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मी घाईघाईने म्हटलं, काकी, झालं ते झालं, आता दुसरी फेरी आहे, या वेळी सगळ्यांनी सरळ हो म्हणा, मी बाकीचं बघते.

काकी वळली. आत गेली, प्लास्टिकची खुर्ची आणून दारापुढच्या खळ्यात मांडली आणि मला बसायची खूण केली. त्या घरात मी जन्मात कधी खुर्चीवर बसले नव्हते. ती पुन्हा आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली, वर फुलपात्र उपडं घातलेलं, परक्या माणसापुढे ठेवतात तसं. आत्ताच वर आणलेलं पाणी. मग पदर दोन्ही खांद्यांवरून नीट घेतला आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"इचारा मॅडम," ती म्हणाली.

मी काकी म्हणून हाक मारली. तिने ऐकलं नाही असं केलं. आजूबाजूच्या ओट्यांवर बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या, कुणी हसत नव्हतं. मी फॉर्म काढला. पहिले तीन प्रश्न मी कसे विचारले मला आठवत नाही. चौथा विचारला.

"सायबांनाच," ती म्हणाली. "दुसरं कोन हाय आमाला? लिवा तुमी. आनि नाव घाला, चंपा सहदेव गमरे. वाचून दाखवा मना, चुकीचं नको जायला."

मी लिहिलं, आणि तिला वाचून दाखवलं.