मुका भाचा

भाच्याने कंत्राटदाराच्या गालांवर दुसऱ्यांदा फेस चढवला, वस्तरा उघडला आणि दोन बोटांनी त्याची हनुवटी हलकेच वर केली. कंत्राटदाराने डोळे मिटले, पण तोंड काही मिटलं नाही. ते त्याचं कधीच मिटत नसे. दाढी चालू असतानाही तो ओठांच्या कोपऱ्यातून बोलत राही.

"मी सांगतो मास्तर, ओसरी दिली की हातपाय पसरणारे लोक आहेत हे. आज कोपरा मागतील, उद्या आपल्यालाच म्हणतील, जरा सरकून बसा."

मास्तर बाकावर वर्तमानपत्र मांडीवर घेऊन बसले होते. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, आणि वर्ग हातचा गेल्यापासून ते हे दुकानच वर्गासारखं वापरत.

"घर पेटलं की माणूस शेजाऱ्याचं दार ठोठावतो," मास्तर म्हणाले. "त्याला काय सांगणार, आधी अर्ज कर म्हणून? सरहद्द म्हणजे माणसाने ओढलेली रेघ. त्या रेघेवरून तुमचं सिमेंट जातं, तुमचा पैसा जातो, पाखरं तर खुशाल जातात. मग माणसालाच का अडवायचं? मी म्हणतो, नाकेच काढून टाका."

"काढा की! आणि ठेवून घ्या सगळ्यांना तुमच्या दिवाणखान्यात."

"ठेवीन. अहो, त्यांच्यातला एक जरी इथे उभा राहून स्वतःच्या तोंडाने बोलला ना, तरी तुमची बोलती बंद होईल. पण त्यांना बोलू देतंय कोण?"

शेजारच्या खुर्चीशी मामा एका गिऱ्हाइकाची मान साफ करत होते. त्यांची कात्री हवेतच दोनदा वाजली. त्यांनी आरशात पाहिलं. भाचा खाली मान घालून वस्तरा चालवत होता.

मामा हे अख्ख्या गल्लीचे मामा. भाचा मात्र त्यांचा कोणीच नव्हता. गेल्या थंडीत तो मागच्या दाराशी येऊन उभा राहिला होता, चाळिशीचा, दाढी वाढलेला, पायात दोन वेगवेगळे जोडे. काही काम आहे का, एवढंच त्याने विचारलं, आणि तेवढ्यातच तो पलीकडचा आहे हे मामांना कळलं. भाषा तीच होती, पण तिकडचे लोक प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज उचलतात, झोक्याने वर जाऊन परत यायचं विसरावं तसा. तो हेल लपवणं कोणाच्याही हातचं नव्हतं. मामांनी त्याच्या हातात वस्तरा देऊन आधी स्वतःची दाढी करून घेतली. हात असा हलका, की दाढी संपल्याचं मामांना टॉवेल लागल्यावरच कळलं. तो तिकडे स्वतःचं दुकान सोडून आला होता.

मग मामांनी डोकं लढवलं. तोंड उघडलं की हा पकडला जाणार, आणि आपल्या दुकानालाही टाळं लागणार. तेव्हा तोंडच उघडायचं नाही. बहिणीचा मुलगा, जन्मापासून मुका. कोणी काही विचारलं तर दोन बोटं ओठांवर ठेवायची आणि मग तळहात उताणा करून मान हलवायची. ती खूण मामांनी त्याच्याकडून आरशासमोर घोटून घेतली होती.

"पाप लागेल हो," मामी म्हणाल्या होत्या. "चांगल्या धडधाकट माणसाला मुका करून ठेवलात."

"जीव वाचला तर वाचा कुठे पळून जातेय?" असं उत्तर देऊन मामा स्वतःच्याच शब्दांवर खूश झाले होते.

बोलणाऱ्याचा कोंडा विकतो आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात म्हणतात. या दुकानात उलटंच झालं. न बोलणारा कारागीर म्हणजे अप्रूपच, लोक मुद्दाम भाच्याची खुर्ची रिकामी व्हायची वाट पाहू लागले. त्याच्यासमोर सासू-सुनांपासून सरकारपर्यंत सगळं मोकळेपणाने निघे. पलीकडच्या लोकांना काय काय केलं पाहिजे, तेही निघे. भाचा तुरटी फिरवत ते ऐकून घेई. शटर खाली ओढलं की मात्र तो बोलायला लागे, आणि मग त्याला आवरणं कठीण. बायको, मुलगी, गल्लीतली विहीर, सगळं पुन्हा पुन्हा सांगे. मामाही कंटाळत नसत.

आज तो सकाळी शटर उघडायच्या आधीच बोलला होता.

"मामा, आज ती फाट्यावर पोचेल. पोरगी बरोबर आहे. कुणाचा तरी फोन मागून मला विचारणार आहे, वरच्या नाक्याने येऊ की खालच्या. बातम्यांत रोज वेगळंच सांगतात. काय सांगू तिला?"

"बघू. कोणाकडून तरी कळेल. फोन खिशात ठेव, आवाज बंद कर. थरथरला की मागच्या खोलीत जा आणि हळू बोल."

एवढं सगळं ठरलं होतं.

"आणि वाद कशाला घालताय मास्तर?" कंत्राटदार म्हणाला. "आज दुपारी बारा वाजता वरचा नाका कायमचा बंद होतोय. तिथे सापडतील तेवढ्यांना गाड्यांत भरून होते तिथे सोडून यायचं. गाड्या कोणाच्या? आपल्याच. खालचा नाका संध्याकाळपर्यंत उघडा आहे, पण त्या लोकांना कुठे ठाऊक! मेंढरं सगळी वर धावणार."

वस्तरा कानशिलाशी थांबला. भाच्याने आरशातून मामांकडे पाहिलं, आणि मामांना त्याच्या चेहऱ्यावर चक्क आनंद दिसला. आता कळलं होतं. खालचा. मामांनी नजरेनेच सांगितलं, एवढा गाल आटप आणि मागे जा. त्यांचं स्वतःचं गिऱ्हाईक उठून गेलं तेही त्यांना धड समजलं नाही.

भाच्याने गाल संपवला. गळ्यावरचा फेस तेवढा राहिला होता. तो खुर्चीवर वाकला, आणि त्याच्या खिशातला फोन नेमका कंत्राटदाराच्या दंडाला लागून थरथरू लागला.

कंत्राटदाराने डोळे उघडले.

"हे काय गुरगुरतंय? मामा, तुमच्या मुक्याला कोणाचा फोन?"

मास्तरांनीही वर्तमानपत्र खाली केलं. भाचा वस्तरा धरून तसाच वाकलेला राहिला. फोन थांबेना.

"माझाच आहे साहेब," मामा म्हणाले. "सकाळी त्याच्याकडे ठेवायला दिला होता."

"मग घ्या की. वाजतोय कधीचा."

मामांनी भाच्याच्या खिशातून फोन काढला आणि कानाला लावला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"ऐकताय ना?" एक बाई धापा टाकत म्हणाली. प्रत्येक वाक्य शेवटी वर जात होतं. "फाट्यावर आलोय आम्ही. वर जाऊ की खाली? लवकर सांगा, फोन दुसऱ्याचा आहे."

मागे एक लहान मूल काहीतरी मागत होतं.

खाली. दोन अक्षरं. मामांनी तोंड उघडलं. समोरच्या आरशात कंत्राटदार अर्ध्या फेसासकट त्यांच्याकडे बघत होता. त्याला आपला प्रत्येक शब्द ऐकू जाणार हे मामांना दिसत होतं. भाचाही बघत होता. त्याचे ओठ हलत होते, आवाज न करता, तोच एक शब्द पुन्हा पुन्हा. हे दुकान, ही दोन खुर्च्यांची मिळकत, मामी, पोलीस, सगळं एकदम समोर उभं राहिलं.

"अहो, बोला ना!" बाई म्हणाली.

"राँग नंबर," मामा म्हणाले आणि फोन बंद केला.

"या राँग नंबरवाल्यांनी उच्छाद मांडलाय," कंत्राटदार म्हणाला आणि त्याने पुन्हा डोळे मिटून गळा वर केला.

वस्तरा उघडाच होता आणि गळा त्याच्यापुढे होता. भाच्याने गळ्यावरचा फेस वरून खाली काढला, कडेने काढला, घाटीजवळ कातडी ताणून काढला. मग तुरटी फिरवली, गार पाण्याचा फवारा मारला, टॉवेलने तोंड टिपलं. एक ओरखडा उठला नाही.

"वा!" कंत्राटदाराने गालावरून हात फिरवला. मग भाच्याकडे पाहिलं. "डोळ्यांत साबण गेला काय रे? धू, धू. चला मामा, गाड्या सोडायच्यात."

मास्तरही त्याच्या मागोमाग उठले. दारात थांबून म्हणाले, "तुमच्या भाच्याचं बरं आहे मामा. मौनं सर्वार्थसाधनम्. आम्ही आपले बोलून बोलून घसा कोरडा करतो, होत काहीच नाही."

ते गेल्यावर मामांनी भर दिवसा शटर खाली ओढलं. आतला दिवा लावायचंही त्यांना सुचलं नाही. त्यांनी तोच नंबर लावला आणि फोन दोघांना ऐकू येईल असा मध्ये धरला. बऱ्याच वेळाने एका पुरुषाने उचलला.

"कोण? ती पोरीवाली बाई होय? गेली की. राँग नंबर लागला म्हणाली. दुसऱ्यांदा फोन मागायला लाजली बिचारी. सगळे वर निघाले होते, त्यांच्याबरोबर गेली."

"तिला थांबवा हो! हाक मारा! खाली जा म्हणावं, खाली!" मामा ओरडले. आता त्यांना कोण आवाज फुटला होता.

"आता कुठली दिसायला? हजार माणसं आहेत इथे," पलीकडचा म्हणाला, आणि फोन तुटला. पुन्हा लावला तेव्हा तो लागेचना.

भिंतीवरच्या घड्याळात बाराला थोडाच अवकाश होता. मामा बाकावर बसले, उठले, परत बसले. भाचा खुर्चीवरचे केस झाडत होता. झाडून झाले तरी झाडतच होता.

"मी बोलायला हवं होतं," मामा म्हणाले. "एकच शब्द होता रे. माझी जीभच उचलली नाही."

भाच्याने झाडणं थांबवलं नाही.

"शिव्या दे मला. रड, ओरड, काहीही कर. शटर बंद आहे, कोणी नाही इथे." मामांनी त्याचे दोन्ही दंड धरून त्याला आपल्याकडे वळवलं. "अरे, बोल काहीतरी!"

भाच्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्याने दोन बोटं ओठांवर ठेवली, तळहात उताणा केला आणि मामांनी शिकवली होती तशीच मान हलवली.